ज्युरीचा विचारविनिमय शिकवायला 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' दाखवावा का?

खडूफळा: अकरावीला राज्यशास्त्र शिकवते. माझ्या मते १९५७ चा हा सिनेमा (किंवा त्यावरचा बासू चटर्जींचा 'एक रुका हुआ फैसला') प्रत्येक वर्गात दाखवायलाच हवा. बापाच्या खुनाचा आरोप असलेला पोरगा, एका खोलीत कोंडलेले ज्युरीचे बारा जण (ज्युरी म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष ते ठरवणारे सामान्य नागरिक) आणि पहिल्याच मतदानात अकरा विरुद्ध एक. 'वाजवी शंका', म्हणजे जी उरली तर आरोपीला दोषी ठरवता येत नाही ती रास्त शंका, पुस्तकात दोन ओळींत संपते. इथे लंगडणारा म्हातारा साक्षीदार पंधरा सेकंदांत दारापर्यंत पोचेल का, हे खोलीत चालून मोजलं जातं. शंका म्हणजे काय, ते मुलांना तिथे कळतं.

काळा कोट: असहमत. फौजदारी वकिली करतो म्हणून सांगतो, या सिनेमातून मुलं चुकीचं शिकतात. ज्युरीतला आठवा माणूस बाहेर जाऊन तसाच चाकू विकत आणतो आणि टेबलात रोवतो. अमेरिकेच्या खऱ्या खटल्यात हे सरळ गैरवर्तन ठरतं. ज्युरीने न्यायालयात आलेल्या पुराव्यावरच निर्णय द्यायचा असतो. त्या चाकूबद्दल ना सरकारी वकिलाला काही विचारता आलं, ना बचावाच्या वकिलाला. जिथे मुलं टाळ्या वाजवतात, तिथेच नियम मोडलेला असतो.

खडूफळा: वकीलसाहेब, मग तिथेच सिनेमा थांबवून हा प्रश्न विचारायचा! मुलं त्यावर तासभर भांडतील. सगळं नियमात बसणारं नाटक दाखवलं तर कोण भांडणार?

दप्तरखाना: मला तिसरीच गोष्ट खटकते. सिनेमा घडतो तो एकमताच्या नियमामुळे, म्हणजे बाराही जणांचं मत एकच व्हायला हवं म्हणून. आपल्याकडेही ज्युरी होती, पण नियम वेगळा होता. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे उच्च न्यायालयात नऊ जणांची ज्युरी असे. त्यातल्या सहांचं एक मत झालं आणि न्यायाधीशांना ते पटलं की निकाल. १९०८ च्या टिळक खटल्यात सात युरोपियन आणि दोन पारशी होते. कौल ७ विरुद्ध २, दोषी. न्या. दावरांनी तो मान्य केला आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. उरलेल्या दोघांना पटवण्याची गरजच कुणाला नव्हती. ज्युरीने काहीही म्हटलं तरी मी निर्दोष आहे, हे टिळकांचं म्हणणं आज मुंबई उच्च न्यायालयात कोरलेलं आहे. सिनेमातला तो आठवा माणूस टिळक खटल्याच्या ज्युरीत असता तर पहिल्याच मतदानात विषय मिटला असता. म्हणून एकट्या शूर माणसाची गोष्ट सांगून थांबू नका. त्याला बोलण्याचं बळ नियमाने दिलं होतं, हे शिकवा.

पारिजात: +१. अमेरिकेतही हे सगळीकडे नव्हतं. लुइझियाना आणि ओरेगॉन या राज्यांत १० विरुद्ध २ ने माणूस दोषी ठरू शकत असे. लुइझियानात एकमताशिवाय दोषी ठरवण्याचा नियम १८९८ च्या घटना परिषदेतून आला, ज्युरीतल्या काळ्या सदस्यांचं मत निरुपयोगी व्हावं म्हणून. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गंभीर गुन्ह्यांसाठी एकमत सक्तीचं केलं. शिवाय सिनेमातले बाराही जण गोरे पुरुष आहेत. ज्युरीत कोण बसतं हा प्रश्न न विचारता चर्चेचं कौतुक करण्यात काय अर्थ?

खडूफळा: दप्तरखाना, तुमच्या मुद्द्यातून वर्गासाठी उपक्रमच मिळाला. पहिल्या मतदानापर्यंत सिनेमा दाखवायचा आणि वर्गाचे दोन गट करायचे. खटला एकच. एका गटाला एकमताचा नियम, दुसऱ्याला नऊपैकी सहांचा. कोणता गट किती वेळ बोलतो आणि गप्प बसणाऱ्या मुलाला कोण विचारतं, ते फळ्यावर मांडायचं.

काळा कोट: हे सिनेमापेक्षा बरं. पण तिसरा गटही करा, ज्युरीचा कौल न्यायाधीशाला न पटलेला. नौदल अधिकारी नानावटींवरच्या खुनाच्या खटल्यात ज्युरीने ८ विरुद्ध १ ने 'निर्दोष' म्हटलं. सत्र न्यायाधीश मेहतांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. आणि त्या खटल्यानंतर लगेच ज्युरी बंद झाली, असं मुलांना सांगू नका. देशभरासाठी ती तरतूद १९७३ च्या संहितेने काढली. सिनेमाबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे. अकरावीच्या मुलांना सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल वाचता येतो, तोच हातात द्या.