तरुण संघातून बालगृहात 8 दिवस सेवेला जातोय, कोणी गेलंय का आधी?

ढोलकीवाला_नगर
जय ख्रिस्त मंडळी. आमच्या चर्चचा तरुण संघ मे महिन्यात एका खेड्यातल्या मिशनच्या बालगृहात 8 दिवस जाणार आहे, 14 जण आहोत, बहुतेक कॉलेजवाले. तिथे 40-45 मुलं आहेत, पहिलीपासून दहावीपर्यंतची. प्लॅन असा की सकाळी व्हीबीएस म्हणजे गाणी, बायबलच्या गोष्टी, क्राफ्ट, दुपारी खेळ, रात्री प्रोजेक्टरवर पिक्चर, आणि शेवटच्या दिवशी चिकन बिर्याणी आणि सगळ्यांना नवे कपडे. वर्गणी 70 हजारांपर्यंत गेलीय, टी-शर्ट पण छापायला टाकलेत. सोबत काय न्यावं आणि मुलं पटकन मिसळतात का? मला लहान मुलांत फारसं जमत नाही, ढोलकी वाजवतो तेवढंच, त्यामुळे जरा टेन्शन आहे. आणि फोटो, रील टाकले तर चालतं ना, वर्गणी देणाऱ्यांना काहीतरी दाखवावं लागेल.

कायद्याचं_बोला
रीलचं डोक्यातून काढा आधी. बाल न्याय कायदा 2015, कलम 74, अशा मुलांची ओळख पटेल असं नाव, फोटो, शाळा काहीही छापायचं किंवा टाकायचं नाही, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फेसबुकवर रोज दिसतात म्हणून चालतं असं नाही. वर्गणीदारांना पावत्या दाखवा आणि दुरुस्त केलेल्या खिडकीचा फोटो दाखवा.

दुसरं, संस्थेची नोंदणी चालू आहे का विचारा, विचारायला लाजू नका. आणि तिथली मुलं बालकल्याण समितीच्या आदेशाने येतात, सगळी ख्रिस्ती घरातली असतीलच असं नाही, तेव्हा व्हीबीएस मिशनच्या आवारात असलं तरी अधीक्षकांशी बोलून ठरवा, ज्याला बसायचं नाही त्याला बसवू नका.

काकू_बालगृहवाल्या
मी 9 वर्षं गृहमाता होते म्हणून लिहिते. मुलं मिसळतात का विचारलंस ना, अरे पहिल्या तासात मांडीवर येऊन बसतात, दादा दादा करत हात सोडत नाहीत, आणि आलेल्या पोरांना वाटतं की आपल्यात काहीतरी खास आहे 😀 तसं काही नसतं बाळा. घरातलं मूल अनोळखी माणसाला बघून आईच्या मागे लपतं. ह्यांना मागे लपायला कोणी नसतं म्हणून ती पुढे येतात.

तुमची गाडी गेली की रात्री कोण अंथरूण ओलं करतं, कोण उगाच मारामारी काढतं, ते आम्ही बघतो. आणि खाण्याचं सांगते, एका ग्रुपने 3 दिवस केक, वेफर्स, बिर्याणी असं चारलं की अर्ध्या खोलीला जुलाब, चादरी धुवायला मी आणि एक मावशी. त्यापेक्षा आमच्याकडे येऊन विचारा काय हवंय. आमचं उत्तर बहुतेक वेळा उवांचं औषध, खरजेचं मलम, मुलींसाठी पॅड आणि बाथरूमच्या कड्या असंच असायचं. कपडे आणायचेच तर मापं आधी मागवा, सगळ्यांना एकाच साइजचे आणू नका.

आणि "अनाथ" म्हणू नका त्यांच्यासमोर. निम्म्याहून जास्त पोरांची आई होती आमच्याकडे, ऊसतोडीला जाणारी, नाहीतर नवरा गेला म्हणून माहेरी भावाकडे पडलेली. अशा बायांना बालसंगोपन योजनेचे महिन्याला 2250 रुपये मिळू शकतात हेच कोणी सांगितलेलं नसतं. तुमच्यातल्या दोघांनी बसून तिचा फॉर्म भरून दिला तर ते पोर कदाचित घरी राहील.

पणजीची_पणती
काकू बरोबर आहे तुमचं, पण पोरांना इतकं पण घाबरवू नका. आमची पणजी 1900 च्या दुष्काळात गुजरातमधून केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये आली, त्यांनी परकी म्हणून दार लावलं असतं तर मी आज इथे टाइप करत नसते.

चौथीतला_मी
ताई, रमाबाई तिथेच राहिल्या ना पण. छापखाना, विणकाम, शेती सगळं मुलींच्या हातात दिलं आणि 1922 ला वारल्या त्या केडगावातच. 8 दिवसांनी टी-शर्ट घालून परत नाही गेल्या.

मी स्वतः अशा ठिकाणी 11 वर्षं काढलीत. चौथीत असताना पुण्याहून एक दादा आलेला, माझ्याशी रोज कॅरम खेळायचा, जाताना म्हणाला दिवाळीला येतो. दिवाळीत ज्यांना घर होतं ती पोरं घरी गेली, मी एसटीच्या थांब्यावर जाऊन बसायचो, शिपाई मामा जेवायला ओढून न्यायचे. पुढच्या दिवाळीलाही बसलो. त्या दादाचा राग नाही मला, तो चांगलाच होता, बोलून गेला असेल सहज.

उलट तालुक्याला मोटार रिवाइंडिंगचं दुकान असलेले एक काका दर दुसऱ्या शनिवारी यायचे. ना खाऊ ना मिठी, तार नीट धर रे गाढवा एवढंच बोलायचे. मी आता बँकेत आहे, रिवाइंडिंग कधी केलं नाही, पण वार्निशचा वास आला की अजून शनिवार वाटतो.

तर ढोलकीवाल्या, परत येईन असं कोणाला म्हणू नकोस. दहावीची पोरं शोध, 18 झाल्यावर बाहेर पडायचंय त्यांना, अनाथ प्रमाणपत्र, अनाथांचं 1 टक्का आरक्षण, अनुरक्षण गृह म्हणजे 18 नंतर राहायची सोय, ह्यातलं कोणाला काय लागू होतं ते अधीक्षकांना विचारून नीट समजावून सांग. आणि जमलं तर ढोलकी तिथेच ठेवून ये.

ढोलकीवाला_नगर
वाचून जरा गप्पच झालो. पाळकसाहेबांशी बोललो, 14 ऐवजी आम्ही 5 जण जातोय, बिर्याणी कॅन्सल, रील कॅन्सल. टी-शर्टचे पैसे मात्र गेले. मी इथून दीड तासावर आहे, महिन्यातून एक रविवार जमेल असं वाटतंय, पण आत्ता कोणाला काही बोलत नाही, 3-4 महिने जाऊन बघतो आधी. ढोलकी माझी नाही देणार, ती वडिलांची आहे. 3 हजारांत बरी नवीन येते का?

चौथीतला_मी
येते. चामड्यावरची काळी शाई वाजवून बघून घे, आणि खोळ पण घे, तिथे उंदीर असतात.