मदत हवी आहे: ६०,००० रुपयांत अस्सल लष्करी रायफल कशी घ्यावी?

दुर्गवेडा
नमस्कार. लष्करात प्रत्यक्ष वापरली गेलेली एक जुनी, अस्सल रायफल मला संग्रहासाठी घ्यायची आहे. प्रतिकृती नको आहे. घरी तलवारी आणि ढाली आहेत, त्यांच्या शेजारी भिंतीवर शोभेल अशी खरी वस्तू हवी आहे. मर्यादा ६०,००० रुपयांची असून त्यापुढे एक रुपयाही जाता येणार नाही. देवळाली कॅम्पातील एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे मनासारखा नग पाहून ठेवला आहे. तो ५५,००० मागतो आणि रविवारपर्यंतच थांबेन म्हणतो. नग अस्सल आहे की नाही हे कसे ओळखावे आणि किंमत रास्त आहे का, एवढेच सांगावे. कृपया लवकर उत्तर द्यावे.

कायदेपंडित
नग कोणता, कोणत्या काळातला, तो उडतो की नाही, आपल्याकडे शस्त्र परवाना आहे का आणि आपण राहता कोठे, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. एवढी माहिती मिळेपर्यंत किमतीविषयी बोलणे व्यर्थ आहे.

निवृत्त सुभेदार
घ्यायचीच असेल तर थ्री-नॉट-थ्री, म्हणजे .३०३ रायफल घ्यावी. ईशापूरच्या कारखान्यात तयार झालेली ली-एनफिल्ड मी स्वतः वागवली आहे. दहा गोळ्यांचे मॅगझिन, लोण्यासारखा सरकणारा बोल्ट, आणि चिखलात पडली तरी कुरकुर नाही. स्वातंत्र्यापूर्वीच्या नगावर मुकुट आणि त्याखाली जी.आर.आय. ही अक्षरे असतात, नंतरच्या नगावर अशोकस्तंभाचे सिंह आणि आर.एफ.आय. असे असते. हे पाहिले की अस्सलपणाची अर्धी परीक्षा झालीच. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात तिला निरोप दिला, तेव्हा मला खरोखर वाईट वाटले होते.

कायदेपंडित
सुभेदारसाहेब, आपल्याविषयी आदर आहे. परंतु या सल्ल्याने धागाकर्ते तुरुंगात जातील. .३०३ आणि ७.६२ मि.मी. हे दोन्ही बोअर (नळीच्या आतल्या व्यासाची मापे) आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये मोडतात. पोलिसांकडे असत त्या .४१० मस्केट बंदुकींचीही तीच गत आहे. असा परवाना जिल्ह्याच्या पातळीवर मिळत नाही, तो केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर निषिद्ध शस्त्र विनापरवाना बाळगल्यास किमान ७ आणि कमाल १४ वर्षांचा कारावास आहे.

निवृत्त सुभेदार
मी उडणारी रायफल घ्या असे म्हटलेले नाही. एनसीसीच्या पोरांना कवायतीसाठी डी.पी. (ड्रिल पर्पज) रायफली देत असत, त्यांतून गोळी सुटत नाही. तशी एखादी मिळाली तर काय हरकत आहे?

कायदेपंडित
हरकत अशी, की ती सरकारी मालमत्ता आहे. ती बाजारात दिसली तर ती तेथवर कशी पोहोचली, हा पहिला प्रश्न पोलीस विचारतील आणि तो विक्रेत्याला नव्हे, आपल्याला विचारतील.

द्राक्षबागाईतदार
आमच्याकडे रानडुकरांचा त्रास वाढल्यापासून आम्ही पीक संरक्षणासाठी परवान्याचा अर्ज केला आहे. आयुध निर्माणीची .३१५ बोअरची स्पोर्टिंग रायफल निषिद्ध बोअरमध्ये येत नाही आणि तिचा बोल्ट त्याच ली-एनफिल्डच्या घराण्यातला आहे. अर्जाला पोलीस पडताळणी, सातबारा, वैद्यकीय दाखला आणि शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. यापेक्षा सोपा मार्ग नाही.

दुर्गवेडा
मला डुकरे मारायची नाहीत आणि थ्री-नॉट-थ्री असा शब्दही मी लिहिलेला नाही. ही ठासणीची बंदूक आहे. लॉकच्या, म्हणजे घोडा चालवणाऱ्या यंत्रणेच्या, पट्टीवर मुकुट असून ‘टॉवर’ असे इंग्रजीत कोरलेले आहे. व्यापाऱ्याच्या म्हणण्यानुसार १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठलेल्या भागोजी नाईकांच्या भिल्लांशी लढलेल्या पलटणीतली ही रायफल आहे. अस्सल आहे की नाही, एवढेच विचारले होते.

जुनी हत्यारे
हे आधीच लिहिले असते तर पहिले सहा प्रतिसाद वाचले असते. आपले वर्णन १८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीशी किंवा तिच्या एखाद्या भावंडाशी जुळते. पुढील गोष्टी हातात घेऊन पाहाव्यात, छायाचित्रावरून पाहू नयेत.

सर्वांत आधी सुरक्षितता. ठासणीचा गज नळीत हलकेच सोडावा, तोंडाशी बोट धरून खूण करावी आणि तोच गज बाहेरून नळीला लावून तळ कोठे येतो ते पाहावे. गज बराच अलीकडे थांबत असेल, तर आत कोणी तरी दीडशे वर्षांपूर्वी ठासलेला बार अजून असू शकतो. अशा वेळी घोड्याला हात न लावता ती खाली ठेवावी. गमतीने चाप ओढून दाखवणाऱ्या दुकानदारांची मला फार भीती वाटते.

त्यानंतर निपल, म्हणजे ज्याच्यावर ठिणगी पाडणारी टोपी बसवतात तो भाग, काढून पाहावा. त्याखालून नळीत जाणारे छिद्र आरपार नसेल तर वस्तू अलीकडची आहे. चित्रीकरणासाठी आणि निर्यातीसाठी आपल्याच देशात ठासणीच्या बंदुकींच्या प्रतिकृती तयार होतात आणि त्यांतील अनेकींना हे छिद्र पाडलेलेच नसते. वस्तू जुनी भासवण्यासाठी आम्लाने चढवलेला गंज सगळीकडे सारखाच दिसतो. खरा गंज निपलच्या भोवती जास्त असतो, कारण दारूचा खार तेथेच साठतो. आणि दस्त्याच्या लाकडाखाली झाकलेला नळीचा भाग त्या मानाने नितळ निघतो.

शेवटी तोंडातून आत विजेरीचा उजेड टाकावा. १८५३ च्या एनफिल्डला ३९ इंचांची नळी, ती दस्त्याला धरून ठेवणारे तीन पट्टे आणि आत तीन वळणदार खाचा असतात. खाचा आहेत का, लॉकच्या पट्टीवर साल कोणते आहे आणि मागच्या नेमीला (नेम धरण्यासाठी नळीवर बसवलेल्या भागाला) शिडीसारखी उभी होणारी पट्टी आहे का, हे कळवावे.

दुर्गवेडा
आज जाऊन पाहिले. गज तळापर्यंत जातो, छिद्र आरपार आहे. पट्टे तीनच आहेत. साल १८६२ आहे. आत मात्र एकही खाच दिसत नाही, नळी गुळगुळीत आहे, आणि मागची नेम म्हणजे केवळ एक ठोकळा आहे, त्यात खाच आहे. म्हणजे झिजली आहे का? आणि रविवार जवळ येत आहे.

जुनी हत्यारे
झिजलेली नाही, ती बहुधा तशीच बनवलेली आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदी पलटणींच्या हातात खाचांची रायफल द्यायची नाही असे ठरवले आणि एनफिल्डसारखीच दिसणारी, पण गुळगुळीत नळीची बंदूक काढली. तो १८५८ चा नमुना. दुरून पाहता दोन्ही सारख्याच. परंतु रायफल कित्येकशे यार्डांवर नेम धरते, तर ही शंभराच्या आसपासच भरवशाची. म्हणून तिला शिडीची नेम नसते, ठोकळा पुरतो. आपल्याला रायफल हवी होती, व्यापारी ‘रायफल’ म्हणून मस्केट, म्हणजे गुळगुळीत नळीची बंदूक, विकत आहे. इतिहास म्हणून पाहाल तर माझ्या मते हीच अधिक बोलकी वस्तू आहे, कारण सत्तेचा शिपायांवरचा अविश्वास तिच्या नळीतच दिसतो.

भागोजी नाईकांची कथा मात्र सोडून द्यावी. त्यांचा लढा १८५७ ते १८५९ चा आणि आपल्या पट्टीवर १८६२ आहे. शिवाय ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातील पट्टीवर मुकुटाऐवजी उभा सिंह असे. त्या कथेचे पैसे किमतीत धरलेले असतील तर तेवढे वजा करून बोलावे.

निवृत्त सुभेदार
१८५७ चा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, त्या काडतुसांना लावलेल्या चरबीविषयी लोक बोलतात, पण कागद दातांनी फाडून दारू नळीत ओतावी लागे हे कोणाला ठाऊक नसते. असो. धागाकर्त्यांनी नाशिकरोडच्या तोफखान्याच्या संग्रहालयात एकदा जावे. तेथे तोफाच अधिक आहेत, पण जुने लोखंड जवळून पाहण्याची सवय होते.

कायदेपंडित
आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ठासणीची असली तरी ती बंदूकच आहे आणि चालू स्थितीतील ठासणीच्या बंदुकीला परवाना लागतो. दुरुस्त करूनही जिच्यातून गोळी सुटणार नाही अशा कालबाह्य वा पुरातन मूल्याच्या शस्त्राला शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मधून सूट मिळते. आपण वर्णन केलेली वस्तू, छिद्र आरपार असल्यामुळे, त्या सुटीत बसवणे कठीण आहे.

पुराणवस्तुप्रेमी
हे अर्धवट सांगितले जात आहे. फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार दुर्मीळ वस्तू या वर्गातील लहान शस्त्रे जवळ बाळगण्यास परवाना लागत नाही. ही बंदूक दीडशे वर्षांहून जुनी आहे. बिनधास्त घ्यावी.

कायदेपंडित
अधिसूचना पूर्ण वाचावी. जवळ बाळगण्यास परवाना नको, पण वापरण्यास आणि नेण्या-आणण्यास तो लागतोच. आणि ही वस्तू त्या वर्गात मोडते हे व्यापारी ठरवणार नाही, धागाही ठरवणार नाही, परवाना शाखाच ठरवेल. आता तरी सांगावे, बंदूक न्यायची कोठे आहे?

दुर्गवेडा
घरी. सिन्नर तालुक्यात. स्वतःच्या मोटारीने नेणार आहे, त्यात विचारण्यासारखे काय आहे?

कायदेपंडित
विचारण्यासारखे हेच, की देवळाली कॅम्प नाशिक पोलीस आयुक्तालयात येते आणि सिन्नर ग्रामीण हद्दीत, जेथे परवान्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा असतो. वाटेत मोटार थांबवली गेली तर हातात कागद हवा. शिवाय शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ खाली अनुज्ञप्ती लागते. ती दाखवा असे व्यापाऱ्याला म्हणून पाहा.

पुराणवस्तुप्रेमी
किमतीविषयी कोणीच बोलत नाही. अमेरिकेतील संकेतस्थळांवर अशी बंदूक याहून महाग दिसते, म्हणून ५५,००० स्वस्तच आहेत.

जुनी हत्यारे
तेथील भाव येथे लावू नयेत. २००३ च्या सुमारास काठमांडूच्या एका जुन्या राजवाड्यातील शस्त्रसाठा अमेरिकन व्यापाऱ्यांनी उचलला आणि अमेरिकेत ग्राहक मोकळेपणाने खरेदी करतो. येथे ज्याला कायदेशीररीत्या घेता येते असा ग्राहकच मोजका, त्यामुळे कागद असलेला नग आणि बिनकागदी नग यांचे भाव एकाच दिवशी वेगळे असतात. लॉक आणि नळी मुळात एकमेकांचेच आहेत का, हेही पाहावे. दस्त्यात लॉकच्या भोवती फट किंवा लाकडाचे ठिगळ दिसले तर दोन बंदुकींची एक झालेली आहे. तसे असल्यास मी निम्म्याच्या वर जाणार नाही.

दुर्गवेडा
विचारले. अनुज्ञप्तीविषयी ‘ते आमच्याकडे चालत नाही’ असे उत्तर मिळाले. पावती देतो, पण तीवर ‘शोभेची लाकडी वस्तू, एक नग’ असे लिहिणार म्हणतो. लॉकखाली लाकडाचे ठिगळही आहे. ४०,००० वर आला आहे. ही पावती चालेल का?

कायदेपंडित
चालणार नाही. पावतीवर बंदूक, नळीची लांबी, पट्टीवरील खुणा आणि विक्रेत्याचे नाव-पत्ता हवा. तसे लिहून देत असेल तर त्या पावतीची प्रत आणि छायाचित्रे घेऊन आधी आयुक्तालयाच्या परवाना शाखेत जावे आणि बंदूक तोवर त्याच्याच दुकानात राहू द्यावी. लिहून देत नसेल तर ४०,००० ही किंमत बंदुकीची नसून तिची जोखीम आपल्या गळ्यात घालण्याची आहे.

द्राक्षबागाईतदार
सिन्नरचेच असाल तर पीक संरक्षणाचा अर्ज आपणही करू शकता. सातबारा आहे ना?