आजीच्या पेटीतला ट्रायफारीचा ब्रोच

प्रश्न (मालवण): माझे आजोबा परदेशी जाणाऱ्या बोटींवर खलाशी होते. त्यांनी आजीसाठी आणलेल्या खड्यांच्या ब्रोचमागे मुकुटाचे चिन्ह, ‘ट्रायफारी’ हे नाव आणि वर्तुळातला ‘सी’ आहे. सोनाराच्या मते ते सोने नाही. हा ब्रोच कोणत्या काळातला असावा?

उत्तर (रत्नागिरी): सोने नसले तरी वस्तू मोलाची आहे. नेपल्सहून १९०४ मध्ये अमेरिकेत आलेल्या गुस्ताव्हो ट्रायफारी यांनी न्यूयॉर्कमध्ये नकली दागिन्यांचा हा व्यवसाय उभारला; पुढे क्रुसमन आणि फिशेल भागीदार झाले. खरी कीर्ती मात्र १९३० मध्ये आलेले रचनाकार अल्फ्रेड फिलिप यांच्यामुळे लाभली, कारण अस्सल रत्नांच्या दागिन्यांची शिस्त त्यांनी काचेच्या खड्यांनाही लावली. दुसऱ्या महायुद्धात इतर धातूंवर निर्बंध आल्याने कंपनीने चांदी वापरली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या पत्नी मेमी यांनी १९५३ च्या शपथविधी सोहळ्यासाठी याच कंपनीचे दागिने घातले होते. नकली दागिन्यांच्या रचनेलाही कलाकृती म्हणून स्वामित्वहक्क मिळू शकतो, हा निकाल ट्रायफारीने १९५५ मध्ये मिळवला आणि त्यानंतर वर्तुळातला ‘सी’, म्हणजे स्वामित्वहक्काची खूण, त्यांच्या दागिन्यांवर सर्रास दिसू लागला. म्हणून आपला ब्रोच बहुधा त्यानंतरचा आहे.

उत्तर (वेंगुर्ले): ताई, तो पाण्यात किंवा रिठ्यात बुडवू नका; खड्यांमागचा चकाकता थर ओलाव्याने काळवंडतो. आपल्या खाऱ्या हवेत मुलामाही लवकर उतरतो, म्हणून कोरड्या सुती कापडाने पुसून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावा.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. आजोबांची नोकरी साठच्या दशकातली, म्हणजे काळ जुळतो.