मृग लागण्याआधी: बागेचे पाणी आणि घराची ओल

मृग नक्षत्र लागायला थोडेच दिवस उरले आहेत आणि बाग असलेल्या प्रत्येक घरात सध्या झारी, खुरपे यांच्याबरोबरच थापी आणि सिमेंटही बाहेर आले असेल. रोपांना हवे असलेले पाणी घराच्या भिंतींना नको असते, त्यामुळे आपली रोजची कामे आणि घराची डागडुजी एकमेकांत गुंतलेली असतात. आपापल्या घरी काय बिघडले, ते कसे दुरुस्त केले आणि काय फसले, हे कोल्हापुरातल्या सर्वांनी वर आपल्या भागाचे नाव घालून सविस्तर लिहावे, ही विनंती.

राजारामपुरी

आमच्या गच्चीवर पंचवीस कुंड्या आहेत आणि त्या मी बारा वर्षे थेट कोब्यावर ठेवल्या होत्या. स्वयंपाकघराच्या छताला ओल दिसली तेव्हा आम्ही दोनदा रंग दिला आणि दोन्ही वेळा पहिल्याच पावसाळ्यात पोपडे सुटले. शेवटी एका जुन्या, जाणत्या गवंड्यांनी पाणी जाण्याच्या तोंडात बोळा बसवून गच्चीवर दोन दिवस पाणी कोंडून ठेवले, आणि तेव्हा कळले की गळती कुंड्यांच्या खालून नव्हे, तर कठडा आणि कोबा जिथे मिळतात त्या कोपऱ्यातून होत होती. कुंड्यांतून वाहून आलेली माती जाळीवर साचत असे, पाणी तिथेच तुंबत असे आणि सांध्यातली बारीक भेग दरवर्षी रुंदावत असे. गवंड्यांनी सांध्याचा गिलावा खरवडून काढला, कोपऱ्यात पाणी थांबू नये म्हणून सिमेंटची नवी गोलाई केली आणि 7 दिवस त्यावर पाणी मारायला लावले. रोज सकाळ-संध्याकाळ ते काम मी स्वतः केले, कारण सिमेंटला पाणी कमी पडले तर सगळी मेहनत वाया जाते.

वजनाचाही विचार तेव्हाच केला. रंगाच्या 18 लिटरच्या बादलीत भिजलेली माती साधारण 30 किलो भरते, म्हणजे अशा वीस बादल्या एका जागी ठेवल्या तर सहाशे किलोंचा भार होतो. आता मोठ्या कुंड्या भिंती आणि तुळया यांच्या वर, विटांवर उचलून ठेवल्या आहेत आणि मातीत उसाचे कुजवलेले पाचट व कोकोपीट मिसळते. पाचट आपल्या भागात मागाल तितके मिळते, ते शेतात जाळले जाते याचे मला फार वाईट वाटते.

मंगळवार पेठ

आमचे घर कौलारू आहे, त्यामुळे शाकारणी, म्हणजे कौले काढून पुन्हा नीट बसवणे, दर उन्हाळ्यात करावीच लागते. यंदा मात्र मागच्या भिंतीत पिंपळ उगवलेला दिसला. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येते आणि चुन्याच्या भेगेत रुजते. मी तो दोन वर्षे वरून छाटत राहिलो, ही माझी चूक झाली, कारण छाटल्यावर मुळे आत अधिकच जाड होतात. या वेळी आजूबाजूचा चुना मोकळा करून मूळ समूळ काढले आणि रोप परड्यात मोकळ्या जागी लावले. पन्हळीचे पाणी पिंपात धरतो, परंतु ते झाकून ठेवणे आणि आठवड्यातून एकदा पिंप घासून कोरडे करणे आवश्यक आहे, अन्यथा डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

शाहूपुरी

आमच्या गल्लीत 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये पुराचे पाणी शिरले. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ पाण्याची पातळी 39 फुटांवर गेली, म्हणजे इशारा पातळी गाठली, की आम्ही कुंड्या वरच्या मजल्यावर नेतो. 43 फुटांची धोका पातळी येईपर्यंत थांबत नाही. पुरानंतर दार फुगून चौकटीत बसेना, म्हणून मी सुतारकाकांना लगेच बोलावून ते रंधून घेतले. चार महिन्यांनी लाकूड सुकले आणि दाराला बोटभर फट पडली. दार ओले असताना कधीही रंधू नका, पूर्ण सुकू द्या. भिंतींचेही तसेच आहे. अंगणातला कढीपत्ता मुळे कुजून गेला, अळू मात्र तगला. गाळ सुकून त्याची पापडी धरली होती, ती खुरप्याने फोडल्यावरच जमिनीला हवा मिळाली.

कसबा बावडा

माझे काम लहानसे आहे. अंगणातल्या नळाचा वायसर झिजला होता आणि थेंबथेंब पाण्याने तुळशी वृंदावनाच्या पायाला ओल धरली होती. वरची चावी बंद करून वायसर घरीच बदलला, दहा मिनिटे लागली. तांदूळ आणि डाळ धुतलेले पाणी मी रोज झाडांना घालते, साबणाचे कधीच घालत नाही.

फुलेवाडी

कुदळीचा दांडा ढिला झाला की आपण ती रात्रभर पाण्यात ठेवतो, पण लाकूड वाळले की दांडा पुन्हा हलू लागतो. त्यापेक्षा सुक्या बाभळीची पाचर ठोकावी आणि दांड्याला जवसाचे तेल चोळावे. माझ्या वडिलांची कुदळ अशीच टिकली आहे.

राजारामपुरी

शाहूपुरीच्या दादांचे दाराविषयीचे सांगणे वाचून आम्ही न्हाणीघराचे दार रंधायचे थांबवले आहे. पाणी बाहेरून येते की आतल्या नळातून, हे आधी पाहणार आहोत. गच्चीच्या जाळीतली माती मात्र आजच काढली. ती पाटीभर निघाली आणि चाळून शेवंतीच्या कुंडीत घातली.