आईचा गुडघा: पाठीतलं इंजेक्शन की पूर्ण भूल?

प्रश्न: आई ७१ वर्षांची, दमा आहे. पंधरा दिवसांनी उजवा गुडघा बदलायचाय. भूलतज्ज्ञ म्हणतात, कमरेखालीच बधिर करू. आईचा एकच धोशा: "मला हातोड्याचे आवाज नकोत, झोपवा!"

उत्तर १: सासूबाईंना स्पायनल, म्हणजे पाठीतल्या इंजेक्शनसोबत शिरेतून झोपेचं हलकं औषध दिलं होतं. चक्क घोरत होत्या! दम्यात पूर्ण भुलीतली घशातली नळी टळली तर बरंच.

उत्तर २: खरी परीक्षा रात्री. स्पायनल दोन-चार तासांत उतरतं. मांडीत ॲडक्टर कॅनाल ब्लॉक (गुडघ्याचं दुखणं कमी करायला नसेजवळ दिलेलं बधिरतेचं इंजेक्शन) देणार का, विचारा. मांडीचा जोर फारसा जात नाही, वॉकर धरून लवकर उभं राहता येतं. गुडघ्यामागे मात्र दुखतंच. आणि रक्त पातळ करायची गोळी?

प्रश्नकर्ती: क्लोपिडोग्रेल चालू आहे!

उत्तर २: मग आजच फोन करा. स्पायनलआधी ती साधारण पाच ते सात दिवस बंद ठेवतात. पण हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच.