धाकटा म्हणून हँकला सोडायचं का?

तिरपागडा: सिडनी ल्युमेटचा शेवटचा सिनेमा, 'बिफोर द डेव्हिल नोज यू आर डेड' (२००७), परवा पुन्हा पाहिला. (शेवट फोडणार आहे, पाहिला नसेल तर इथूनच मागे फिरा.) दोघे भाऊ आईबापाचंच दागिन्यांचं दुकान लुटायचं ठरवतात. खेळण्यातलं पिस्तूल, नुकसान विमा भरून देईल, कुणाला ओरखडाही नाही. प्रत्यक्षात आईलाच गोळी लागते. जो तो थोरल्या अँडीला शिव्या घालतो, मला धाकटा हँक जास्त खटकतो. काम त्याचं होतं. घाबरून त्यानं बॉबी नावाच्या ओळखीच्या माणसाला आत पाठवलं, बॉबी खरं पिस्तूल घेऊन गेला आणि हा बाहेर गाडीत. शिवाय थोरल्याच्या बायकोशी लफडं. तरी हँक झालेल्या इथन हॉकचा चेहरा असा, की वाटावं याला कुणीतरी चहा पाजा!

साधीभाजी: अहो, डोकं कुणाचं? ऑफिसचे पैसे कुणी खाल्ले, हेरॉइन कोण घेत होतं? हँक पोरीच्या खर्चाचे पैसे थकवून बसलेला. अँडीनं ती नस हेरली आणि गळ टाकला.

तिरपागडा: थकबाकी माझीही आहे. आईच्या गल्ल्यात हात घातला नाही अजून.

कावळा_शहाणा: दोघांना सोडा, बापाकडे बघा. बाप झालेला अल्बर्ट फिनी अँडीची माफी मागतो, आणि अँडी विचारतो, मी नक्की तुमचाच मुलगा ना? उत्तर म्हणून थोबाडीत. पुढे बायको सोडून जाते तेव्हा अँडी आरडाओरडा करत नाही. शोभेच्या दगडांचं भांडं उचलतो आणि काचेच्या टेबलावर हळूहळू रिकामं करतो. अँडी झालेला फिलिप सेमूर हॉफमन! मी तो प्रसंग तीनदा मागे नेऊन पाहिला.

साधीभाजी: म्हणजे अँडीला माफ? आत्ता मी हँकची वकिली करत होते, आता तुम्ही याची. शेवटी तो सख्ख्या भावावरच पिस्तूल रोखतो, विसरलात?

कावळा_शहाणा: माफ नाही हो. मूळ पटकथेत हे दोघे मित्र होते, ल्युमेटनं भाऊ केले. मित्र असते तर लुटीत गडबड झाली, एवढ्यावर मिटलं असतं. भाऊ म्हटल्यावर लहानपणी कुणाला जास्त जवळ घेतलं, हेही हिशेबात आलं.

तिरपागडा: तो हिशेब बापानं कसा चुकता केला तेही सांगा. हॉस्पिटलमध्ये जखमी अँडीच्या छातीवरच्या, हृदयाच्या यंत्राला जोडलेल्या पट्ट्या काढून स्वतःला लावल्या, यंत्र बोंबलू नये म्हणून, मग उशी दाबली. आणि तुमचा हँक? पळाला. त्याच्यासाठी उशी कुणी आणली नाही.