विजयनगरच्या जंगलातून घरची माणसे परतायची आहेत. किती दिवस नुसती वाट पाहावी?

फोंड्याची_सून

आम्ही मूळचे अहिल्यानगरकडचे मराठी ख्रिस्ती. गेली 11 वर्षे फोंड्याला राहतो. माझे यजमान आणि थोरली मुलगी मिशनच्या कामासाठी अरुणाचल प्रदेशातील चांगलांग जिल्ह्यात, मियावच्या पलीकडे विजयनगरच्या बाजूच्या वस्त्यांवर गेले आहेत. हे शाळेत शिकवतात आणि मुलगी परिचारिका असल्याने दवाखाना सांभाळते. शेवटचा फोन 24 दिवसांपूर्वी मियावहून आला. पुढे फोन लागणार नाही, हे त्यांनी सांगितलेच होते. मात्र परतण्याचा ठरलेला दिवस उलटून आज 9 दिवस झाले आणि संस्थेच्या कचेरीतून ‘काळजी करू नका’ यापलीकडे उत्तर मिळत नाही.

सासूबाईंच्या मनात इक्वेडोरची गोष्ट घर करून बसली आहे. 8 जानेवारी 1956 रोजी कुराराय नदीच्या काठी पाच तरुण मिशनरी वाओरानी लोकांकडून मारले गेले, त्या दिवशी त्यांच्या बायका दुपारी साडेचारच्या रेडिओ-संदेशाची वाट पाहत होत्या आणि तो संदेश आलाच नाही. रोज साडेचार वाजले की सासूबाई फोनजवळ येऊन बसतात. धाकटा 9 वर्षांचा आहे. तो काही विचारत नाही, आजीकडे पाहत राहतो. मी कोणाकडे चौकशी करावी आणि या दोघांना काय सांगावे?

मुरगाव_बंदर

ताई, माझे यजमान 22 वर्षे तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला आहेत, त्यामुळे वाट पाहणे म्हणजे काय हे मला ठाऊक आहे. आमच्या घरी प्रत्येक सफरीआधी दोन तारखा ठरतात: एक घरी येण्याची, दुसरी चौकशी सुरू करण्याची. या दोन तारखांमधल्या दिवसांत मी कोणालाही फोन करत नाही; दुसरी तारीख उलटली की मात्र संकोच न करता करते. तुमच्याकडे अशी दुसरी तारीख ठरलेली दिसत नाही, म्हणून प्रत्येक दिवस सारखाच जड जातो. ती आजच ठरवा आणि सासूबाईंनाही सांगा. मुलाला ‘येतील लवकर’ असे सांगू नये. मी माझ्या मुलीला एवढेच सांगत असे, की बाबा कोणत्या दिवशी येतील ते मला माहीत नाही, पण कोणाला विचारायचे ते मला माहीत आहे.

नोआ_दिहिंग

मी त्या भागात चार वर्षे शिक्षक होतो, आता डिचोलीला असतो. मियाव ते विजयनगर हा सुमारे 157 किलोमीटरचा रस्ता नामदफाच्या अरण्यातून जातो. पावसाळ्यात दरडी कोसळून तो तुटतो आणि ऑक्टोबर लागला म्हणून लगेच मोकळा होत नाही. एकदा मला परतीची सगळी वाट चालावी लागली. सहा दिवस लागले, आणि त्या सहा दिवसांत घरी एकही निरोप पोहोचवता आला नाही. त्यामुळे 9 दिवसांचा उशीर मला त्या वाटेच्या मानाने फार वाटत नाही, तरी चौकशी आताच करावी, या मताचा मी आहे. अरुणाचलात जाण्यासाठी इनर लाइन परमिट लागते, त्यामुळे दोघांची नावे आणि परवान्याची मुदत सरकारी नोंदीत आहे. चांगलांगच्या उपायुक्त कार्यालयात आणि मियावच्या प्रशासकीय कार्यालयात परवान्याच्या प्रतीसह लेखी विचारा. विजयनगरला आसाम रायफल्सचे ठाणे आहे; तेथून निरोप मिळू शकतो.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगून एक गोष्ट अवश्य समजावून सांगा. इक्वेडोरचे ते पाच जण बाहेरच्यांशी संबंध न ठेवणाऱ्या लोकांकडे प्रथमच गेले होते. विजयनगरकडचे लिसू, म्हणजे योबिन, हे बहुतांश स्वतःच ख्रिस्ती आहेत आणि गावोगावी त्यांची चर्च आहेत. तुमची माणसे परक्यांत नाहीत; त्या भागात भय वाटेचे, नदीचे आणि तापाचे असते.

पेडण्याची_परिचारिका

तापाचे निघाले म्हणून लिहिते. दोघे सुखरूप परतल्यावरही सावध राहावे लागते. फाल्सिपॅरम मलेरिया साधारण एक-दोन आठवड्यांत डोके वर काढतो, पण व्हायव्हॅक्सचे जंतू यकृतात दडून काही महिन्यांनीही ताप आणू शकतात. प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिन चालू असेल, तर परतल्यावरही चार आठवडे घ्यायचे असते. घरी पोहोचलो म्हणून पुष्कळ लोक ते मध्येच सोडतात. ताप आलाच, तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा, की आम्ही अरुणाचलच्या जंगलातून आलो आहोत.

फोंड्याची_सून

सर्वांची मी ऋणी आहे. परवान्याच्या प्रती यांच्या कपाटात सापडल्या आणि दोन्ही कार्यालयांना आज दुपारीच पत्रे पाठवली. लिसू लोकांविषयी सासूबाईंना वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी ‘तिथे चर्च आहे?’ असे दोनदा विचारले. साडेचारला त्या आजही फोनपाशी बसल्या, पण या वेळी नातवाला जवळ घेऊन.